सरगूरची दुसरी घंटा

नाही म्हणायला गेलो होतो, आणि जाऊन घंटा वाजवली.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. सरगूरच्या चर्चच्या अंगणात करंजाच्या फांदीला जाड तारेनं टांगलेला, हातभर लांब, कडेनं गंजून लाल झालेला. या गावात आजतागायत रेल्वे आलेली नाही, मग रूळ कुठून आला, असं मी विशीत असताना विचारलं होतं. "आधी रूळ आलाय, गाडी मागून येतेय," असं चर्चचा कारभार बघणारे दावीदप्पा तेव्हा म्हणाले होते. ठोकायचा लोखंडी बोल्ट झाडाच्या बेचक्यात ठेवलेला असायचा. परवाच्या रविवारीही तो तिथंच होता. सकाळची वेळ, अंगणात कुणी नाही, गवतावर दव, दारावर नाताळचा कागदी तारा उन्हानं फिका पडलेला. करुणा पायरीपाशी वाकून चपलेचा पट्टा सोडत होती. मला एवढंच ऐकायचं होतं की आवाज तोच आहे का. एक हलका ठोका, बस्स.

हात एकावर थांबला नाही. तीन ठोके, मधे श्वासभर विसावा, पुन्हा तीन.

"अहो, काय केलंत?" करुणा एका पायात चप्पल ठेवून तशीच उभी राहिली.

"काही नाही. बघत होतो."

"बघतात डोळ्यांनी."

तेवढ्यात पलीकडच्या आळीतून कुणा बाईचा आवाज आला, "अय्यनोरु बंदरंते." म्हणजे पाळकसाहेब, चर्चचे धर्मगुरू, आलेत म्हणे. एक दार उघडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. करुणाला कानडी फारसं येत नाही, पण दारं कुठल्याही भाषेत उघडतात. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून ओळखतो.

इथं जरा समजावून सांगायला हवं. सरगूरच्या मंडळीत (मंडळी म्हणजे चर्चची माणसं, आम्हा ख्रिस्ती लोकांचा हा नेहमीचा शब्द) रविवारी दोन घंटा होतात. पहिली कुणीही देतं. तिचा अर्थ इतकाच की आज रविवार आहे, विसरू नका. ती ऐकून जागचं कुणी हलत नाही. चुलीवर भात चढतो, गुरं सोडली जातात, केसांना तेल लागतं. दुसरी घंटा, तीन आणि तीन ठोक्यांची, मात्र त्या दिवशी जो उपासना चालवणार असेल त्यानंच स्वतःच्या हातानं द्यायची. म्हणजे मी आलोय, तुम्ही निघा. ज्यानं घंटा दिली त्यानं पुढं उभं राहायचं, यात वाद नाही. पाळकाकडे पाच गावं असतात, तो महिन्यातून कधीतरी येतो. बाकीच्या रविवारी दुसरी घंटा झाली नाही तर माणसं आपापल्या दारात बसून प्रार्थना करतात आणि कामाला लागतात.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. विशीत दोन वर्षं ती दुसरी घंटा मीच देत होतो.

पंधरवड्यापूर्वी दावीदप्पांचा फोन आला होता. मी कारखान्यातून नुकताच आलो होतो, बूटसुद्धा काढले नव्हते. "अय्यनोरे," ते म्हणाले, "तुम्ही आता मैसूरला, हिनकलला राहता, म्हणजे आमच्या जवळच. रविवारी येत जा." एवढंच म्हणाले आणि तब्येत विचारून फोन ठेवला. मी पाळक कधीच नव्हतो. तेव्हा होतो तो नगरकडच्या मंडळीनं दोन वर्षांच्या सेवेला पाठवलेला एक सडपातळ पोरगा, आणि आता आहे तो एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये पट्टे आणि बेअरिंगं देणारा-घेणारा जाडसर माणूस. पण सरगूरनं एकदा अय्यनोरु म्हटलं की ते पेन्शनसारखं मरेपर्यंत चालू राहतं.

करुणा तेव्हा भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"हो म्हणालात?"

"काहीच म्हणालो नाही."

"म्हणजे हो म्हणालात." सुरी पुन्हा चालू झाली. "आठवड्यात रविवार एकच असतो. शनिवारी तुम्ही सोसायटीच्या टाकीवर चढता, शुक्रवारी गाण्याचा सराव, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. मागच्या शिबिरात काय झालं ते विसरलात?"

विसरण्यासारखं नव्हतं. त्या शिबिरात बोलता बोलता मला घेरी आली आणि मी हळूच खाली बसलो. लोकांना वाटलं, गुडघे टेकून प्रार्थना करतोय. सगळ्यांनी डोळे मिटले, त्यामुळे उचलायला बराच वेळ कुणी आलंच नाही.

"फोनवर नाही म्हणता येत नसेल तर समोर जाऊन म्हणा," ती म्हणाली.

"समोर तर त्याहून येत नाही."

"म्हणून मी येतेय."

तिनं माझ्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. 'नन् कैलि आगल्ला.' माझ्याच्यानं होणार नाही. मी दाढी करताना आरशासमोर ते म्हणून बघायचो. दरवेळी आवाज असा निघायचा की आरशातला माणूस म्हणावा, बरं बाबा, येईन.

खरं सांगायचं तर मी दमलोय. झोपून जाणारी ही दमणूक नाही. सकाळी उठल्यावर ती माझ्या आधी उठलेली असते, चहा घेऊन बसलेली असते. कुठल्याही बैठकीत खुर्ची मांडायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मांडतो. गेली कित्येक वर्षं मी खुर्च्या मांडतोय. या सगळ्यात एक जागा अशी होती की जिथं मी दमलेला आठवत नाही. तिथंच नाही म्हणायला निघालो होतो.

सरगूरच्या गोष्टी घरात सगळ्यांना पाठ आहेत. मुलगी लहान असताना "बाबांचं सरगूर सुरू" असं म्हणून पाण्याला उठायची आणि परत यायची नाही. पण गोष्ट सांगितली की ती गोळीबंद होते, आठवण तशी नसते. तो रूळ वाजला तेव्हा मला आधी गोष्ट आठवली नाही. आधी वास आला.

पावट्याच्या शेंगांचा वास. तिकडे थंडीत दव पडलं की त्या शेंगांना एक तेलकट, हिरवा, उग्र वास सुटतो, आणि तो बोटांना लागला की दोन दिवस जात नाही. त्या दिवसांत चर्चमध्ये सगळ्यांच्या हातांना तोच वास असायचा. उपासनेनंतर एकमेकांचे हात हातात घ्यायची तिथली रीत. मी दारात उभा राहायचो, आणि मंडळी बाहेर पडेपर्यंत माझे हात म्हणजे पावट्याचं शेत होऊन जायचे. त्याखाली दुसरे वास. लव्हाळ्याच्या चटयांचा दमट वास. एरंडेल तेलाचा. नाचणीच्या कोंड्याचा. पावसाळ्यात ओल्या घोंगड्यांचा, ज्या दाराबाहेर एकावर एक टाकलेल्या असत आणि ज्यांच्यावर गावचं कुत्रं उपासनाभर झोपून राही.

मी पोचलो तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. मराठीतली शिकवण्याची तयारी मात्र भरपूर होती. ट्रंकेत दोन शर्ट, एक स्वेटर आणि चाळीस प्रवचनं. पहिल्याच दुपारी शांतम्मांच्या घरी जेवायला बसवलं. शांतम्मा तेव्हा पन्नाशीच्या, उंच, आवाज शेतभर जाणारा. सेवेला आलेल्या माणसानं रोज एका घरी जेवायचं, पाळी ठरलेली, आणि पहिली पाळी त्यांची. ताटात नाचणीचा चेंडूएवढा गोळा आला, तपकिरी, तुकतुकीत, वाफाळता. मुद्दे म्हणतात त्याला. मी घास तोडला आणि घरी शिकवलं होतं तसा नीट चावायला लागलो. तो चिकटला. वरच्या दातांना, खालच्या दातांना, टाळूला. डोळ्यांत पाणी आलं. समोर शांतम्मा, दावीदप्पा आणि अर्धी मंडळी दारात उभी राहून बघत होती.

"अगीबेडि," शांतम्मा म्हणाल्या. चावू नका. मग त्यांनी स्वतः एक लहान गोळी केली, आमटीत बुडवली, तोंडात टाकली आणि गिळून दाखवली. लहान मुलाला औषध घेऊन दाखवतात तशी. "नुंगि." गिळा.

माझं कानडी तिथून सुरू झालं. पहिले दोन शब्द चावू नका आणि गिळा. पुढं मी पुष्कळ शब्द शिकलो, पण त्या मंडळीत राहायला तेवढे दोन जवळजवळ पुरले असते.

आता त्या दोन वर्षांतलं काय आधी झालं आणि काय नंतर, ते मला सांगता येत नाही. ऋतू तेवढे आठवतात. सुगीत खळ्यावर नाचणी मळायचे तेव्हा चर्चच्या दारापर्यंत भुसा उडत यायचा आणि पेटीच्या भात्यात जाऊन बसायचा. मग गाणं सुरू झालं की पेटी आधी शिंकायची. ती पेटी आता नाही. उन्हाळ्यात काबिनी धरणाचं पाणी मागं सरकायचं आणि मधल्या चिखलाला भेगा पडायच्या, त्या भेगांतून चालत पलीकडच्या वाडीतली माणसं यायची, आणि त्यांच्या पायांचे पांढरे ठसे चर्चच्या लाल फरशीवर सोमवारपर्यंत राहायचे. ती फरशी आता टाइल्सखाली आहे. पावसात शेतात हत्ती उतरायचे. कुणीतरी दारात येऊन नुसता हात वर करायचा, की सगळे पुरुष उठून डबे बडवायला जायचे, आणि मी उरलेल्या बायकांपुढे अर्ध्या वाक्यावर उभा. शांतम्मा म्हणायच्या, "थांबा, ते येऊ देत, मग देवालाही पुढचं ऐकायचंय." माणसं परत यायची, दम खायची, चटईवर बसायची, आणि मी त्याच अर्ध्या वाक्यापासून पुढं जायचो. नंतर कुठल्याच ठिकाणी माझं अर्धं वाक्य कुणी असं सांभाळून ठेवलं नाही.

चाळीस प्रवचनं ट्रंकेतच राहिली. पुढं त्यातली बरीचशी वाळवीनं वाचली.

आणि तो तापाचा रविवार. पावसाळ्याचे दिवस, मी चर्चमागच्या खोलीत पडून होतो. पहिली घंटा झाली, मी ती ऐकली. दुसरी द्यायला उठायचं म्हणून पाय खाली सोडले तर जमीन फार लांब होती. मी पुन्हा पडलो. दुसरी घंटा झालीच नाही. बराच वेळ नुसता पागोळ्यांचा आवाज. मग दार लोटलं गेलं आणि शांतम्मा आल्या, मागून दावीदप्पा, मग एकेक करत सगळे. त्या एवढ्याशा खोलीत, खाटेभोवती, ट्रंकेवर, उंबऱ्यावर, बाहेर पागोळ्यांखाली डोक्यावर पोती घेऊन. कुणी काही विचारलं नाही. गायला सुरुवात केली. शांतम्मांचा हात माझ्या कपाळावर होता आणि त्याला जिऱ्याचा वास येत होता. गाण्यांचे शब्द मला निम्मे कळत होते. मी डोळे मिटून पडलो होतो आणि मला काहीच करायचं नव्हतं.

मी त्या गावाला काय दिलं, हे मला कुणी विचारलं तर मी विषय बदलतो.

तर दारं उघडली आणि माणसं यायला लागली. पूर्वीसारखी भरभर नाहीत. तरुण पोरं मैसूरला, बंगळूरला, कामधंद्याला गेलेली. राहिलेत ते काठ्या टेकत, एकमेकांचा हात धरत आले. दावीदप्पा हातात केळीची पानं घेऊन पळत यायचा प्रयत्न करत होते. पंचाहत्तरीला पळणं म्हणजे चालण्यातच घाई दिसते. शांतम्मा सगळ्यांत शेवटी आल्या. उंची निम्मी झालीय. आवाज मात्र तेवढाच.

"ऊट आय्ता?" जेवण झालं का. सकाळ असो, मध्यान्ह असो, तिथं पहिला प्रश्न हाच.

"अजून नाही अम्मा. आताच तर आलो."

"घंटा तर जेवलेल्या माणसासारखी वाजवलीत," त्या म्हणाल्या आणि करुणाचा हात धरून तिला बायकांच्या बाजूला घेऊन गेल्या.

करुणाबद्दल दोन शब्द. नगरला असताना महिला मंडळाची प्रार्थना ती चालवायची. मोठमोठ्या घरच्या बायका तिच्यासमोर गप्प बसायच्या. मैसूरला आलो आणि ती बदलली. ती इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेते, आणि तिचं कानडी चार वाक्यांचं आहे. कूत्कोळ्ळि, बसा. कै बिच्चि, हात उघडा. नोवागल्ला, दुखणार नाही. आय्तु, झालं. एवढ्यावर तिनं दहा वर्षं निम्म्या मैसूरचं रक्त काढलंय. पण चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसते आणि गाण्यांना नुसते ओठ हलवते. नगरची करुणा कुठंतरी सामानातच राहून गेली असं मला वाटतं. पण बायकोला असं विचारता येत नाही. ती उलट विचारते.

उपासना मी चालवली. कशी, ते विचारू नका. माझं कानडी पट्टे आणि बेअरिंगांच्या कानडीवर घसरत होतं. एका ठिकाणी 'कृपा' ऐवजी 'स्टॉक' म्हणालो की काय अशी मला अजून शंका आहे. वाक्य अडलं की पहिल्या ओळीतलं कुणीतरी ते पूर्ण करायचं, आणि मी मान डोलवायचो, जणू मला तेच म्हणायचं होतं. प्रभूची प्रार्थना मी शेवटी मराठीतच म्हणायला लागलो, कारण ती दुसऱ्या भाषेत दमल्यावर येत नाही. ते कानडीत म्हणत होते. माझी आधी संपली. मी थांबलो आणि त्यांची ऐकत राहिलो. बायकांच्या बाजूनं एक मराठी आवाज आणखी चालू होता. करुणा म्हणत होती, आणि नुसते ओठ हलवत नव्हती.

मग दावीदप्पा सूचना सांगायला उठले.

"आज आपल्या अय्यनोरांनी घंटा दिली," ते म्हणाले. "किती दिवसांनी ऐकली. पुढच्या रविवारीही..."

करुणानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. गुडघ्यांनी आवाज केला, तोसुद्धा सगळ्यांनी ऐकला.

"नन् कैलि आगल्ला."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ आत राहिला. ते वाक्य तिथं एकटं पडलंय असं मला वाटलं, म्हणून मी त्याच्या सोबतीला आणखी वाक्यं पाठवली. गुडघे दुखतात म्हणालो. ब्लडप्रेशर म्हणालो. कारखाना म्हणालो. टाकीवर चढतो तेही सांगितलं, का ते माहीत नाही. विशीतला तो पोरगा आता नाही, मी दमलोय, दर रविवारी इथं येऊन उभं राहणं मला जमणार नाही, असं तीन भाषांत मिळून सांगितलं आणि थांबलो.

"झालं?" शांतम्मांनी विचारलं.

"झालं."

"दावीद, तू याला फोनवर काय सांगितलंस?"

"रविवारी येत जा म्हणालो."

"उपासना घ्यायला ये म्हणालास?"

दावीदप्पांनी छताकडे पाहिलं. "येत जा म्हणालो. तूच सांगितलंस ना, बोलाव म्हणून. आपल्या सुगुणाच्या नातीच्या लग्नात हे मैसूरला तुला दिसले होते तेव्हा."

"पंगतीत पेंगत होतास," शांतम्मा माझ्याकडे वळून म्हणाल्या. आता अय्यनोरु संपलं होतं. "पानावर भात, आणि हा मान टाकून बसलेला. मी म्हटलं, याला कुणी झोपू देत नाही की काय. म्हणून बोलाव म्हटलं. कामाला नाही, मगा, लेकरा. ताप आला होता तुला तेव्हा घंटा कुणी दिली होती?"

"कुणीच नाही."

"उपासना झाली की नाही?"

"झाली."

"मग," शांतम्मा म्हणाल्या, आणि काठी शोधायला लागल्या.

मला खाली बसायचं होतं, पण बसलो तर लोक पुन्हा डोळे मिटतील अशी भीती वाटली. म्हणून उभाच राहिलो आणि तोंड पुसायचं निमित्त करून रुमाल काढला.

जेवण शांतम्मांच्या मागच्या अंगणात होतं. बायका भिजवलेले पावटे घेऊन बसल्या होत्या. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा की साल बोटांत राहते आणि हिरवी डाळ टपकन परातीत पडते. करुणा त्यांच्यात बसली होती आणि सगळ्यांपेक्षा भरभर सोलत होती. शिरा शोधणारी बोटं ती. मधेच तिनं शांतम्मांचा हात उताणा केला, कोपरापाशी बोट फिरवलं आणि समाधानानं मान हलवली. शीर चांगली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिच्याकडून यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

मी आणि दावीदप्पा नळावर हात धूत होतो. "ती म्हणते ते खरं आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुम्ही नुसते येऊन बसा. भिंतीला टेका, झोपा हवं तर." मग नळ बंद केला तरी हात चोळत राहिले. "पण अय्यनोरे, आज दुसरी घंटा ऐकली आणि माझ्या हातातून पानं पडली. दारात बसून प्रार्थना करता येते. रोज करतो. पण रविवारी माणसाला कुणीतरी बोलवायला लागतं."

पाठ केलेलं एकच वाक्य होतं, ते मी वापरून टाकलं होतं.

पानं मांडली गेली. जेवणाआधीची प्रार्थना तिथं घरातल्या बायका करतात. शांतम्मांनी करुणाच्या गुडघ्यावर थाप मारली. "तू कर."

करुणा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "सांगा त्यांना, मला कानडी येत नाही."

मी सांगितलं.

"येतं तेवढं पुरे," शांतम्मा म्हणाल्या.

करुणानं डोळे मिटले. मला वाटलं, मराठीत करेल. कोंबड्या परातीजवळ येऊन गेल्या. मग तिचा आवाज आला, नगरच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो. "स्वामी," ती म्हणाली. "कूत्कोळ्ळि." देवाला बस म्हणाली. मग थांबून, बहुधा आम्हाला, "कै बिच्चि." मी डोळे किलकिले करून पाहिलं. सोललेल्या पावट्यांनी हिरवे झालेले सगळे म्हातारे हात उघडले होते. "नोवागल्ला," ती म्हणाली, रोज म्हणते तसंच, हळू, सुई टोचायच्या आधीचं. आणि मग, "आय्तु."

आमेन इतकं जोरात झालं की कोंबड्या कुंपणापार गेल्या.

मुद्दे मी न चावता गिळला.

संध्याकाळच्या बसमध्ये आम्हाला मागची जागा मिळाली. मांडीवर नाचणीच्या पिठाची पिशवी, पायाशी शेंगांची. करुणा खिडकीशी. कापसाची शेतं गेली, नारळाच्या बागा गेल्या, दिवे लागले. माझ्या बोटांना तो तेलकट हिरवा वास होता. मी एकदा बोटं नाकाशी नेली आणि तिनं ते पाहिलं. ती स्वतःचीही बोटं मघाशी हुंगत होती.

मैसूर जवळ आलं तेव्हा मी म्हणालो, "शेवटी नाही म्हणालो ना मी?"

"म्हणालात."

"बरं म्हणालो?"

"वाक्य बरोबर होतं. पुढचं सगळं जास्तीचं होतं."

बस रिंगरोडला वळली. तिनं पिठाची पिशवी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी तुम्ही भिंतीला टेकून बसायचं. आणि त्या घंटेला हात लावायचा नाही. ती मी देणार आहे."